अमेरिकेत साप-सरडे पाळण्यावर निर्बंध आणणाऱ्या बिलाला विरोध का करायचा, आणि एच-वन वर असताना तो करता येतो का?

तुम्ही लिहिलंय की घरी एक बॉल पायथन (लहान जातीचा अजगर) आहे, तुमच्या राज्यात सरपटणाऱ्या प्राण्यांवर निर्बंधांचं बिल आलंय, ऑफिसमधला मित्र म्हणतो बरंच झालं, फ्लोरिडात अजगरांनी काय करून ठेवलंय बघ, आणि आपल्याला इथे मत नाही तर यात पडावं का. माझं उत्तर सरळ आहे, पडा. मी टेक्सासमध्ये राहतो, घरी बॉल पायथन आणि बिअर्डेड ड्रॅगन (एक सरडा) आहेत, आणि या कायद्यांच्या मागे मी बरीच वर्षं आहे.

आधी मित्राच्या मुद्द्याचं बघू कारण तो खोटा नाहीये. दक्षिण फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या पाणथळ जंगलात बर्मीज पायथन या मोठ्या अजगराने खरंच वाट लावली आहे, 2012 साली आलेल्या अभ्यासात तिथले रॅकून आणि ओपॉसम हे छोटे सस्तन प्राणी जवळपास 99 टक्क्यांनी कमी दिसले, आणि हे अजगर पाळीव प्राण्यांच्या धंद्यातूनच आले, कोणी सोडून दिले, काही 1992 च्या अँड्र्यू वादळात एक पैदास केंद्र उद्ध्वस्त झालं तेव्हा सुटले असं मानतात. हे नाकारणारे पाळणारे मला भेटतात आणि मला त्यांचा राग येतो, कारण त्यांच्यामुळे आपल्या सगळ्यांचंच म्हणणं कोणी ऐकत नाही. पण हे घडलं ते दक्षिण फ्लोरिडात, जिथे बारा महिने ऊब आणि पाणथळ जमीन आहे. जानेवारी 2010 मध्ये थंडीची लाट आली तेव्हा खुद्द तिथलेच कितीतरी अजगर मेले, मग ओहायो-मिनेसोटाच्या बर्फात ते कसे टिकणार? 2008 साली यूएसजीएसने (केंद्राची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) हवामानाचा नकाशा काढून सांगितलं की अमेरिकेचा साधारण एक तृतीयांश भाग या अजगरांना मानवू शकेल, मग त्याच वर्षी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी जास्त घटक घेऊन हिशोब केला तर तो भाग दक्षिण फ्लोरिडा आणि टेक्सासच्या टोकापर्यंत आकसला. तरी बातम्यांमध्ये राहिला तो पहिलाच नकाशा.

आणि माझा सगळा विरोध इथेच आहे, की एका जातीने एका जागी केलेल्या नुकसानासाठी अख्ख्या देशातल्या अख्ख्या वर्गाला शिक्षा, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. 2010 साली केंद्राच्या वन्यजीव खात्याने लेसी कायद्याखाली (घातक वन्यजीवांची आयात आणि वाहतूक रोखणारा केंद्राचा कायदा) नऊ मोठे साप घातक यादीत घालायचा प्रस्ताव आणला, 2012 ला त्यातले चार घातले, 2015 ला अजून चार, आणि बोआ कन्स्ट्रिक्टर तेवढा वगळला, कारण तो लाखो घरांत आहे आणि त्याच्यासाठी प्रचंड लोकांनी लिहिलं होतं. म्हणजे लिहून उपयोग होतो. यादीत आलेल्या सापाचं काय व्हायचं तर तो राज्याची हद्द ओलांडू शकत नव्हता. तुमच्या लक्षात येतंय ना, आपल्यासारख्या माणसांची नोकरी बदलली, एम्प्लॉयरने ओहायोहून टेक्सासला पाठवलं, तर पंधरा वर्षं वाढवलेला अजगर सोबत नेणं हा फेडरल गुन्हा! शेवटी पाळणाऱ्यांची संघटना कोर्टात गेली आणि एप्रिल 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सांगितलं की लेसी कायद्याचे शब्द बघता मुख्य भूमीवरच्या 49 राज्यांमधली वाहतूक अडवायचा अधिकार खात्याला नाहीच.

मग 2022 ला तोच अधिकार मागच्या दाराने आणायचा प्रयत्न झाला. चीनशी स्पर्धेसाठीचं सेमीकंडक्टरचं ते जवळपास 3 हजार पानी बिल, त्यात आत कुठेतरी लेसी कायद्याची दुरुस्ती घातलेली. राज्याराज्यातली वाहतूक परत बंद, आणि वरून ज्या जाती आधीपासून बऱ्यापैकी प्रमाणात आयात होत नाहीत त्या सगळ्या मुळातच घातक धरायच्या, मग सरकार एकेकीला निर्दोष ठरवेल तेव्हा ठरवेल. हाऊसमध्ये हे 222 विरुद्ध 210 ने पास झालं. चिप बनवण्याच्या कायद्यात सरड्यांचं काय काम हे मला आजपर्यंत कोणी सांगू शकलेलं नाही. लोकांनी फोन केले, पत्रं लिहिली, आणि ऑगस्टमध्ये जो कायदा सहीला गेला त्यात हा भाग नव्हता.

अजून एक गोष्ट जी आमदारांना माहीतच नसते, आज इथल्या घरांत असलेले बहुतेक लेपर्ड गेको (पालीची एक जात) आणि बिअर्डेड ड्रॅगन हे जंगलातून पकडलेले नाहीत, पिढ्यान् पिढ्या माणसांच्या घरात जन्मलेले आहेत. बिअर्डेड ड्रॅगन मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि ऑस्ट्रेलियाने कित्येक दशकांपूर्वीच निर्यात बंद केली, तरी इथे तो प्रत्येक पेट शॉपमध्ये आहे, ते घरच्या पैदाशीमुळेच. भारतातलं उदाहरण देऊन लोक मला गप्प करायला बघतात की 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिकडे नाग-अजगर-कासव पाळता येत नाही ना. बरोबरच आहे ते, मी त्या कायद्याच्या बाजूने आहे, कारण तिकडे देशी प्राणी थेट रानातून उचलले जातात, आपलं स्टार कासव तर पोत्यांत भरून परदेशी जातं. तो प्रश्न रान वाचवायचा आहे. तुमच्या टँकमधल्या बॉल पायथनमुळे कुठलं रान रिकामं होतंय?

निर्बंध नकोतच असं मी म्हणत नाही. 2009 साली फ्लोरिडात पाळीव बर्मीज पायथनने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला, आपण साप पाळणाऱ्यांनी ते कधी विसरू नये. पण तिथे तेव्हाही परमिट आणि मायक्रोचिप सक्तीची होती आणि त्या घरात परमिटच नव्हतं, म्हणजे कमी पडली ती अंमलबजावणी. मोठ्या सापांना परमिट ठेवा, चिप लावा, कुलूपबंद टाकी सक्तीची करा, मी सही करायला तयार आहे. फ्लोरिडातच 2006 पासून एक योजना आहे, प्राणी सांभाळणं झेपत नसेल तर आणून द्या, दंड नाही, चौकशी नाही, आणि त्यांना नवीन घर शोधून देतात. तुमच्या बिलात अशी सोय आहे का ते आधी बघा, कारण नुसती बंदी आली की घाबरलेला माणूस रात्री गाडी काढून प्राणी नाल्याकाठी सोडून येतो, आणि जे टाळायचं होतं नेमकं तेच होतं.

आता तुमचं. मत नसलं तरी तुम्ही त्या मतदारसंघाचे रहिवासी आहात, आमदाराला पत्र लिहिणं, ऑफिसला फोन करणं, कमिटीच्या सुनावणीला बोलणं हे सगळं तुम्ही करू शकता, आणि फेडरल नियमाच्या मसुद्यावर तर कोणीही हरकत नोंदवू शकतो, नागरिक आहात का विचारत नाहीत. एकच गोष्ट करू नका, उमेदवाराला निवडणुकीची देणगी. ग्रीन कार्ड नसलेल्यांना ती द्यायला फेडरल कायद्याने मनाई आहे आणि व्हिसाचा लफडा उगाच कशाला. पाळणाऱ्यांच्या संघटनेची वर्गणी भरा, ती चालते.

पत्र एक पानाचं, बिलाचा नंबर वर, आणि नेटवरचं तयार पत्र कॉपी-पेस्ट नको, त्या ऑफिसात शंभर सारखी पत्रं आली की एकच मोजतात असं माझ्या ओळखीच्या एका ऑफिस स्टाफने सांगितलं होतं. तुमचा साप केवढा होतो (बॉल पायथन जेमतेम चार-पाच फूट), किती वर्षं जगतो, फ्रोझन उंदीर खातो, तुमच्या गावच्या हिवाळ्यात बाहेर तगणार नाही, एवढं स्वतःच्या शब्दांत लिहा. 'साप हा आमचा हक्क' वगैरे भाषा नको, आणि सुनावणीला साप घेऊन तर अजिबात जाऊ नका, निम्मी खोली खुर्च्या मागे सरकवते आणि तुमचं बोलणं तिथेच संपतं.

आणि मागणी नेमकी करा. बरीच बिलं नुसतं 'सगळे पायथन' लिहून मोकळी होतात, त्यात चार फुटी आणि वीस फुटी एकाच ओळीत. ओहायोने 2012 ला कायदा केला, झेन्सविलला एकाने वाघ-सिंह-अस्वलं सोडून दिल्यानंतर (त्यात एकही साप नव्हता, तरी साप कायद्यात आलेच), पण निदान त्यात अजगरांच्या ठराविक जाती नावानिशी दिल्या आणि 12 फुटांची अट घातली. तुमच्या आमदाराला तेच सांगा, जातींची शास्त्रीय नावं आणि लांबी लिहा, बाकीचे वगळा. बिलाचा नंबर इथे कमेंटमध्ये टाका, मी मजकूर वाचून कुठलं कलम अडचणीचं आहे ते सांगतो.