ठाण्यात फक्त 38,000 किलोमीटर चाललेली 2016 ची गाडी घेतली, तरी रोज नवी कुरकुर. आधी दुरुस्ती करू की एलईडी आणि अलॉय?

राग मानू नका, पण तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. पाच वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न घेऊन गॅरेजं पालथी घालत होते. तुम्ही लिहिलंय की कोलशेतच्या एका गृहस्थांकडून पेट्रोल हॅचबॅक घेतली, एकच मालक, रंग चकाचक, मीटरवर 38,000. आणि आता सिग्नलला एसी गरम हवा फेकतो, स्पीडब्रेकरवर पुढून खटखट येते, डाव्या बाजूचं फूटमॅट ओलं होतं, पावसात सकाळी ब्रेक खरखरतात. हाताशी 40,000 रुपये आहेत आणि धाकटा भाऊ म्हणतोय, एलईडी हेडलाइट, अलॉयची चाकं, मोठा स्टिरिओ टाकून घे.

आधी त्या 38,000 चं बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. मी कासारवडवलीला राहते आणि ऑफिस ऐरोलीला. सकाळी नऊला मानपाडा ते कापूरबावडी गाडी चालत नाही, सरकते. सरासरी ताशी 15 धरा. म्हणजे 38,000 किलोमीटर कापायला इंजिन अडीच हजार तासांहून जास्त वेळ चालू होतं. तेवढेच तास हीच गाडी हायवेवर ताशी 60 ने पळाली असती तर मीटरवर दीड लाख दिसले असते, आणि मग तुम्ही ती घेतलीच नसती. क्लच, रेडिएटरचा पंखा, एसीचा कॉम्प्रेसर, इंजिन माउंटिंग यांना किलोमीटर कळत नाहीत, ते तासांवर झिजतात. आणि टायर, ब्रेक ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), बॅटरी, रबरी बुश (सांध्यांमधले रबराचे तुकडे) यांना तासही कळत नाहीत. ती नुसती उभ्या उभ्या म्हातारी होतात. कमी चाललेली गाडी वाईट असं मी म्हणत नाहीये. फक्त मीटर बघून ‘काही करायची गरज नाही’ असं समजू नका.

आता एसी. हायवेवर थंड आणि सिग्नलला गरम, असंच ना? माझ्या गाडीचं तंतोतंत तेच होतं. ऐरोली पुलावर शाल घ्यावीशी वाटायची आणि माजिवड्याच्या सिग्नलला रुमाल ओला. एका गॅरेजने गॅस भरला, 2,000 घेतले. तीन आठवड्यांत पुन्हा तेच, पुन्हा गॅस, पुन्हा 2,000. तिसऱ्या वेळी कंटाळून वागळे इस्टेटच्या एका गल्लीत गेले. तिथे एक वयस्कर मेस्त्री चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही. बोनेट उघडायला लावलं, इंजिन चालू, एसी चालू, आणि नुसते बघत उभे राहिले. मिनिटभराने म्हणाले, “ताई, गॅस कशाला भरत बसलात? पंखा फिरतोय का बघितलं कोणी?” पंखा फिरत नव्हता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंख्याच्या मोटरच्या पाठीवर दोनदा टकटक केलं आणि पंखा घरघरत सुरू झाला. मोटरचे कार्बन ब्रश झिजले होते. नवी मोटर, मजुरीसकट 3,200. आज पाच वर्षं झाली, गॅसला हात लावलेला नाही.

कारण साधं आहे. एसीचा कंडेन्सर (गॅस थंड करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे असतो आणि त्याला वारा लागतो. गाडी पळताना तो आपसूक मिळतो, उभ्या गाडीला पंख्यानेच द्यावा लागतो. पंखा बंद असेल तर दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर स्वतःला बंद करून घेतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत इंजिन थंड करायलाही तोच पंखा असतो, तेव्हा तापमानाच्या काट्यावरही लक्ष ठेवा. घरच्या घरी बघता येतं: बोनेट उघडा, एसी लावा, काही सेकंदांत पंखा फिरायलाच हवा. फिरत असेल तर कंडेन्सरच्या जाळीत बघा. मेट्रोच्या कामाची धूळ वर्षानुवर्षं खाल्लेल्या आपल्याकडच्या गाड्यांत तिथे चक्क चिखलाचा थर निघतो. आणि एक लक्षात ठेवा, एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झालाय म्हणजे कुठेतरी लीक आहे. लीक न शोधता ‘गॅस टॉप-अप’ सुचवणाऱ्याला हात जोडून निघा.

एसीचं बघताच आहात तर केबिन फिल्टरही (आत येणारी हवा गाळणारा) काढून बघा. माझ्या फिल्टरमध्ये उंदराने संसार थाटला होता. शेंगदाण्याची टरफलं, कापूस, आणि आमच्याच सोसायटीच्या पार्किंगच्या नोटिशीचे तुकडे. वायर कुरतडलेली दिसली तर मात्र ताबडतोब दुरुस्त करा, नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडू नका.

ओल्या फूटमॅटकडे तुम्ही सगळ्यात कमी लक्ष दिलंय, ‘पावसाचं असेल’ असं म्हणून. मला तीच सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट वाटते. एसी चालू असताना आत दव धरतं, ते पाणी एका बारीक नळीतून गाडीखाली टपकायला हवं. कोरड्या दिवशी अर्धा तास एसी लावून गाडी उभी करा. खाली छोटं थारोळं झालं नाही तर नळी तुंबली आहे, आणि ते पाणी आत, तुमच्या कार्पेटखाली जातंय. मेस्त्री हवेचा एक झोत मारतो आणि काम होतं. पाऊस पडल्यावरच ओलं होत असेल तर वायपरच्या खालची जाळी बघा. आमच्या इमारतीसमोर सोनमोहर आहे, मे महिन्यात फुलांचा पिवळा सडा पडतो, तो त्या जाळीतून आत जातो आणि कुजून निचऱ्याचं भोक बंद करतो. पाणी चिकट असेल, रंगीत असेल, गोडसर वास येत असेल तर ते पाणी नाही, हीटरमधून गळणारं कूलंट आहे. मग गाडी लांब नेऊ नका. बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूला कार्पेटखालून वायरिंग जातं. ते ओलं राहून कनेक्टर गंजले की पुढे कुठला दिवा कधी लागेल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

खटखटीबद्दल: लहान लहान खड्ड्यांवर, हळू वेगात, एका बाजूने ‘खट खट’ असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा) निघतो. मोठ्या खड्ड्यात ‘धप्प’ आणि नंतर गाडी झुलत राहिली तर शॉकअप. ब्रेक दाबल्यावर किंवा सोडल्यावर एकदाच ‘टक’ आलं तर लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश. मला एका चकाचक वर्कशॉपमध्ये दोन्ही शॉकअप बदलायचे 14,000 सांगितले होते. मी विचारलं, शॉकअपमधून तेल गळतंय का, दाखवा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो.” मिस्टरांना टायर कुठे संपतो आणि रिम कुठे सुरू होते हेही सांगता येत नाही, पण ते असो. वागळेच्या त्याच मेस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, पहार लावून लिंक रॉड हलवून दाखवला. मलाही धरून हलवायला लावला. सांध्यात ढिला, हातात खुळखुळत होता. दोन्ही बाजूंचे मिळून 1,600. तेव्हा तुम्हीही सांगा की बदलायचा भाग हलवून दाखव, आणि जुना भाग परत दे. यात लाजायचं काही नाही.

ब्रेकचं घाबरू नका. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, दोन-चार वेळा ब्रेक दाबले की खरवडून जातो. दिवसभर आवाज राहिला, किंवा लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आला, तर पॅड संपले. मात्र ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे सर्व्हिस बुकात शोधा. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, साधारण दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. ‘गाडी चाललीच नाही’ म्हणून हेच काम सगळ्यात जास्त राहून जातं. ओलावा धरलेलं ऑइल लांबच्या उतारावर तापून उकळतं आणि पेडल मऊ पडून खाली जातं. माळशेज उतरताना ही गोष्ट कळलेली बरी नव्हे.

आता 40,000 चं. आज रात्री टॉर्च घेऊन टायरच्या कडेवर चार आकडी कोड शोधा. 3116 असेल तर 2016 च्या 31 व्या आठवड्यातला टायर. नक्षी खोल दिसेल, पण रबर वाळून बाजूला बारीक भेगा पडल्या असतील. माझ्या 14 इंची टायरना चार मिळून 18,000 लागले होते, अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून. स्टेपनीचाही कोड बघा, तिला सगळे विसरतात. बॅटरीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो: रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम, 12.2 च्या खाली असेल तर नवीनचे पैसे बाजूला काढा. इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.4 दिसायला हवं, नाहीतर दोष अल्टरनेटरकडे (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडे) आहे, बॅटरी बदलून उपयोग नाही.

यातून उरले तर भावाचं ऐका, पण अर्धंच. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटच्या आत एलईडी बल्ब कोंबला की उजेड भसकन फाकतो. तुम्हाला पांढरंशुभ्र दिसतं, आणि गायमुखच्या घाटात समोरून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. मूळ बल्ब बहुतेकदा 60/55 वॉटचा (लांबचा/जवळचा उजेड) असतो. त्या जागी रिलेशिवाय (जास्तीचा करंट पेलणाऱ्या स्विचशिवाय) 100/90 टाकलेल्या एका शेजाऱ्याचा होल्डर वितळलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. तुमच्या गाडीच्या हेडलाइटची काच नऊ-दहा वर्षांत पिवळी पडली असणार. ती पॉलिश करून घ्या, बल्ब मूळच्याच वॉटचा नवा टाका, फरक तुमचा तुम्हालाच दिसेल. कायद्याचंही आहेच: कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर बोट ठेवून तेच सांगितलं. अलॉय मूळ मापाचे घेतलेत तर माझी तक्रार नाही. मोठ्या मापाचे आणि पातळ टायरचे मात्र मुंब्रा बायपासच्या खड्ड्यांत एका पावसात वाकतील. स्टिरिओ घ्या की, आणि सोबत रिव्हर्स कॅमेरा जरूर घ्या, आपल्या पोडियम पार्किंगचे खांब कुणाची दया करत नाहीत. अट एकच, गाडीच्या मापाचा कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) लावूनच जोडणी करायची. वायर कापून पीळ मारून देतो म्हणणाऱ्याकडे किल्लीच देऊ नका.

विम्याचं विचारलं नाहीत, पण सांगते. गाडी नावावर झाल्यापासून 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनासाठीचं जोडकव्हर) घ्या. विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी भरलेलं असताना ‘पुढची रिक्षा गेली ना’ म्हणून गाडी घालू नका. आणि पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा चावी फिरवायची नाही, ढकलून बाहेर काढायची आणि टोइंग बोलवायचं. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो, आणि मग तुमचे 40,000 नुसतं इंजिन खोलण्यातच जातील.

खटखट नेमकी कुठल्या बाजूने येते आणि किती वेगाला, ते खाली कमेंटमध्ये लिहा, मग अंदाज नीट बांधता येईल. आणि ते फूटमॅट आजच काढून वाळत टाका, खालच्या कार्पेटवर हात दाबून बघा. हाताला पाणी लागलं तर एसीच्या आधी नळीचं काम करून घ्या.