‘तुला बिस्कीट हवं?’ असं म्हणणारा मुलगा

“याचा बापसुद्धा साडेतीन वर्षांचा झाल्यावर बोलायला लागला. आमच्याकडे पोरं उशिराच बोलतात. पण ही ऐकत नाही.” आजींनी खुर्चीत बसता बसताच सांगून टाकलं. ‘ही’ म्हणजे सून. ती काही बोलली नाही. तिनं पर्समधून घडी घातलेला वहीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मुलाचं जे जे खटकत होतं, ते तिनं रात्री जागून लिहून आणलं होतं. मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा. त्याला इथं मी ओम म्हणते. ओळख पटू नये म्हणून इतरही काही तपशील बदलले आहेत.

कागदावर पहिलीच ओळ होती, ‘हाक मारली तर बघत नाही.’ मग, ‘कुकरची शिट्टी झाली की किंचाळत बाथरूममध्ये पळतो.’ आणि सगळ्यात खाली, पेन दाबून लिहिलेलं, ‘मी मोबाईल दिला म्हणून झालं का?’

मूल बोलत नाही, तर थोडं थांबायचं की कुणाला दाखवायचं, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सतत कुणी ना कुणी येत असतं. बहुतेक घरांत एक जण थांबा म्हणणारा असतो आणि एक जण झोप उडालेला.

आमचं बोलणं चाललं होतं तेवढ्या वेळात ओमनं खेळण्यांच्या टोपलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानं आजींच्या पिशवीतला स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि फरशीवर उभं धरून गर्रकन फिरवलं. झाकण डगमगत, खणखणत शांत होईपर्यंत तो गाल फरशीला टेकवून बघत राहिला. मग पुन्हा फिरवलं. मग पुन्हा. वीस वेळा तरी झालं असेल. झाकण, भिंगरी, चाक फिरवायला कुठल्याही मुलाला आवडतं, त्यात काळजीचं काही नाही. पण एवढ्या वेळात त्यानं एकदाही मान वळवून, ‘बघितलंस का, आई?’ अशा नजरेनं तिच्याकडे पाहिलं नाही. माझं सगळं लक्ष त्या न वळलेल्या मानेकडे होतं.

मी आईला विचारलं, “हा बोटानं काही दाखवतो का?”

“हवं असेल तर माझं मनगट धरून माठापाशी नेतो. तोंडाकडे बघत नाही, फक्त हात ओढतो.”

बोट दोन तऱ्हेचं असतं, असं मी पालकांना सांगते. एक ‘दे’ म्हणणारं आणि एक ‘बघ’ म्हणणारं. डब्यातला लाडू हवा म्हणून दाखवलेलं बोट ‘दे’चं. खिडकीत कावळा आला म्हणून, काहीही मिळवायचं नसताना दाखवलेलं बोट ‘बघ’चं, आणि ते दाखवून झाल्यावर मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. हे दुसरं बोट साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास यायला लागतं. शब्द फुटायच्या आधी मूल संवाद करतं ते याच्याच आधारावर. दीड वर्षं उलटून गेलं तरी हे बोट आलं नसेल, तर मूल किती शब्द बोलतं हे मोजत बसण्याआधी मी याचीच काळजी करते.

“पण तो बोलतो की!” आजी म्हणाल्या. “ए टू झेड म्हणतो, पन्नासपर्यंत आकडे म्हणतो. आणि मायाळू इतका, की बिस्किटाचा पुडा दिसला की आधी मलाच विचारतो, ‘तुला बिस्कीट हवं?’”

“मग तुम्ही काय म्हणता?”

“मी म्हणते, नको रे राजा, तूच खा. मग रडतो.”

क्षणभर मला पुढे बोलवेना. आजींचा आनंद अगदी खरा होता, आणि ओमचं रडणंही. घरात बिस्कीट मिळताना दरवेळी एकच वाक्य त्याच्या कानावर पडायचं, ‘तुला बिस्कीट हवं?’ त्यानं ते अख्खं उचललं होतं. त्याच्या लेखी बिस्कीट मागायचं वाक्यच ते. ‘तुला’ म्हणजे समोरचा आणि ‘मला’ म्हणजे आपण, ही अदलाबदल त्याला उमगली नव्हती. त्याच्या बाजूनं पाहिलं तर तो रीतसर मागत होता आणि आजी ‘नको’ म्हणत होत्या. पडल्यावर तो स्वतःशीच ‘पडलास’ म्हणतो, हे आईनं मग आठवून सांगितलं. पालक याला पोपटपंची म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाच्या अशा उचललेल्या वाक्यामागे पुष्कळदा मागणी, भीती, आठवण, काहीतरी असतंच. ते आपल्याला शोधावं लागतं.

निदान करणं हे माझं काम नाही. मी त्यांना आधी कान तपासून घ्यायला सांगितलं, कारण ऐकूच कमी येत असेल तरी मूल हाकेला बघत नाही. बेरा ही ऐकू येण्याची तपासणी नीट आली. पुढे विकासात्मक बालरोगतज्ज्ञांनी दोन भेटींत निरीक्षण करून निदान सांगितलं, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम.

नंतर ओमचे बाबा एकटेच आले. त्यांच्या मोबाईलवर कुणीतरी लसीमुळे ऑटिझम होतो असा मेसेज धाडला होता. ती समजूत पसरली 1998 मधल्या एका शोधनिबंधामुळे, तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं 2010 मध्ये मागे घेतला आणि त्यानंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांत लसीशी काहीही संबंध आढळला नाही. राहिलेले डोस द्या, एवढंच मी म्हटलं.

आईच्या कागदावरची शेवटची ओळ मात्र अशी पटकन मिटवण्यासारखी नव्हती. मोबाईलनं ऑटिझम होत नाही. त्याची मुळं मेंदूच्या जन्माआधीपासूनच्या जडणघडणीत आहेत आणि त्यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. मोबाईलपायी जातात ते माणसांबरोबरचे तास, आणि ते तास या मुलांना इतरांपेक्षा जास्त लागतात. म्हणून तो कमी करायचा, पण गुन्हा कबूल केल्यासारखा नाही. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी 1943 मध्ये 11 मुलांचं वर्णन करून या अवस्थेची ओळख करून दिली, त्यानंतरची कितीतरी वर्षं डॉक्टरच आईला दोष देत होते, थंड मनाच्या आयांमुळे असं होतं म्हणत होते. ते साफ चूक होतं. हे ऐकताना ओमची आई पहिल्यांदा रडली, आणि आजींनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग काम सुरू झालं. वाचा उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं, हालचाली जमाव्यात म्हणूनचे उपचार) आठवड्याला दोन-दोन तास, बाकी सगळं घरात. पहिली गोष्ट, प्रश्न विचारणं बंद. त्याच्या तोंडी शोभेल असंच वाक्य आपण म्हणायचं. पुडा हातात घेऊन, त्याच्यासमोर जमिनीवर बसून, ‘मला बिस्कीट दे,’ आणि लगेच द्यायचं. दुसरी, थांबणं. झोपाळा मध्येच धरायचा आणि मनात दहापर्यंत मोजायचं. त्यानं डोळ्याला डोळा दिला किंवा नुसतं अंग हलवलं, तरी ते उत्तर मानून झोका द्यायचा. आजींना हे थांबणं सगळ्यात जड गेलं, पण बुवा-कुकच्या खेळात त्यांच्याइतकं त्याला कुणी हसवलं नाही. माठ, खाऊ, चप्पल यांचे फोटो काढून दाराला लावले. चित्रं दिली तर मूल बोलायचा आळस करेल, ही भीती बाळगू नका, चित्रांमुळे बोलणं अडत नाही.

पाचेक महिन्यांनी आईचा फोन आला. रस्त्यावर जेसीबी खोदत होता. ओमनं त्याकडे बोट केलं, आईकडे पाहिलं, पुन्हा जेसीबीकडे पाहिलं. तोंडातून शब्द आला नाही. “काही मागितलं नाही, मॅडम. नुसतं दाखवलं,” ती म्हणत होती, आणि मागून जेसीबीची घरघर मला ऐकू येत होती.

आपल्या घरात असं कुणी असेल तर वयाचा हिशेब मनात ठेवा. वर्षाचं झालं तरी बोट दाखवणं, टाटा करणं असे हातवारे नाहीत, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, तर तपासून घ्या. आणि आलेलं बोलणं, आलेलं हसणं कुठल्याही वयात मावळलं, तर आठवडाभरही थांबू नका. खासगी खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली बऱ्याच ठिकाणी डीईआयसी नावाचं, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र चालतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्याचं प्रमाणपत्र काढताना लाज वाटून घेऊ नका.

ओम आता साडेचारचा आहे. बालवाडीत गोंगाट वाढला की टेबलाखाली बसतो, वाढदिवसाला नेलं तर दारातूनच परततो. भांडण झालं, ताप आला तर अजून नीट सांगता येत नाही. पण आजी कुकर लावताना आधी त्याला हाक मारून सांगतात, “तीन शिट्ट्या होणार हं.” तो कानांवर हात घेऊन अंगणात जाऊन उभा राहतो, मोठ्यांदा मोजतो, आणि तिसरी झाली की आत येऊन आजींना सांगतो, “संपली.”