एकच टेम्प्लेट पाच साइट्सना वापरायचं तर वर्डप्रेस, ड्रुपल की जूमला?

तुमच्या पाच साइट्सना हेडर, फूटर आणि बातमीचं कार्ड तेच हवंय, आणि ते एकदाच लिहायचंय. वेबसाइट चालवायच्या या तिन्ही प्रणालींवर थीम (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइल्स) लिहिल्यात, त्यावरून सांगतो. टेम्प्लेटचे तुकडे तिन्हींकडे पाडता येतात. सहा महिन्यांनी त्यात बदल करायची वेळ आली की फरक कळतो.

वर्डप्रेसमध्ये चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली, फक्त आपले बदल ठेवणारी थीम) करणं सोपं, पण एका ओळीसाठी अख्खी फाइल कॉपी करावी लागते. मूळ थीममध्ये पुढे दुरुस्ती झाली तरी तुमची कॉपी जुनीच राहते. ५.९ आवृत्तीपासून (जानेवारी २०२२) ब्लॉक थीम (ज्यांचे हेडर-फूटरसारखे भाग ब्राउझरमधल्या साइट एडिटरमधून बदलता येतात) आल्या, तिथे तर आणखी एक गंमत आहे. साइट एडिटरमध्ये कुणी फूटरचा एक शब्द जरी बदलून सेव्ह केला, की त्या फूटरची प्रत डेटाबेसमध्ये जाते आणि थीममधल्या फाइलऐवजी तीच दिसते. मी एकदा फाइल बदलतोय, कॅशे उडवतोय, पुन्हा बदलतोय... दुपार गेली. एडिटरमधला बदल रीसेट केल्यावर माझा फूटर दिसला. पाच साइट्स म्हणजे असे पाच फूटर.

ड्रुपलमध्ये ८ व्या आवृत्तीपासून (२०१५) ट्विग ही टेम्प्लेट लिहायची भाषा आहे. मूळ टेम्प्लेटमध्ये ब्लॉक (इथे अर्थ, नाव दिलेले भाग) आखलेले असले, तर ते टेम्प्लेट एक्स्टेंड करून, म्हणजे त्यावर आधारून, फक्त कार्डाच्या शीर्षकाचा ब्लॉक बदलायचा. बाकी सगळं मूळ फाइलमधूनच येतं. शिवाय १०.३ पासून स्थिर झालेले सिंगल डिरेक्टरी कॉम्पोनंट्स: कार्डाचं ट्विग, सीएसएस, जावास्क्रिप्ट एकाच फोल्डरमध्ये. ट्विग डीबग (चुका शोधायची सोय) चालू केलं की पानाच्या सोर्समध्ये कोणत्या नावाची फाइल चालेल तेही लिहून येतं. शिकायला मात्र वेळ लागतो, पहिले काही दिवस वैताग येतो.

जूमलात टेम्प्लेटच्या 'एचटीएमएल' फोल्डरमध्ये ओव्हरराइड (मूळ फाइलऐवजी वापरली जाणारी आपली प्रत) ठेवायचा. ४.१ पासून चाइल्ड टेम्प्लेटही आहेत. ओव्हरराइड केलेली मूळ फाइल अपडेटमध्ये बदलली, तर जूमला तसं कळवतं. ही सोय मला फार आवडते.

कोड सांभाळणारं कायमचं माणूस असेल तर डोळे झाकून ड्रुपल घ्या. ते नसेल आणि मजकूर भरणाऱ्यांना वर्डप्रेसच हवं असेल, तर जुन्या पद्धतीची (ब्लॉक थीम नसलेली) पीएचपी थीम घ्या आणि हेडर-फूटर फाइलमध्येच ठेवा.