तो घरी बोलत का नाही, हे आधी विचारा

प्रश्न : आम्ही वारज्यात राहतो. मी सरकारी नोकरीतून मागच्या वर्षी निवृत्त झालो. मुलगा 23 वर्षांचा, बी. कॉम., 54 टक्के. बँकेच्या परीक्षांचा क्लास लावला, पण दोन वेळा पूर्वपरीक्षेतच राहिला. गेलं दीड वर्ष तो बाणेर, बावधन, हिंजवडी भागात बिल्डर आणि एजंट लोकांकडे लॉनची कामं घेतो. सॅम्पल फ्लॅटसमोर हिरवळ करून देणं, विकायला काढलेल्या बंगल्यांचं गवत कापणं, असं. हाताखाली दोन माणसं आहेत. नातेवाइकांना आम्ही ‘तो रिअल इस्टेटमध्ये आहे’ एवढंच सांगतो. आता लग्नाचं बघायचं आहे, मुलीकडच्यांना काय सांगू? गवत कापायला पदवी कशाला हवी होती? हल्ली तो घरी फारसा बोलत नाही, फोन आला की गच्चीवर जातो. आईच्या भिशीतले 60 हजार त्याने घेतल्याचं मला उशिरा कळलं. त्याला पुन्हा परीक्षेकडे कसं वळवू? – एक वडील

उत्तर : तुम्ही परीक्षेबद्दल विचारलं आहे. मी मात्र भिशीच्या पैशांपाशी थांबले. 23 वर्षांचा, दीड वर्ष स्वतः कमावणारा मुलगा आईकडून गुपचूप 60 हजार घेतो आणि फोन आला की गच्चीवर जातो, तेव्हा काय झालेलं असतं? त्याला भेटल्याशिवाय मी खात्रीने सांगू शकत नाही. पण या धंद्यात पैसा कसा फिरतो हे पाहिलं, तर माझा अंदाज एकच आहे. त्याचं बिल कुणीतरी अडकवलं आहे.

लॉनच्या कामात गवत, माती, शेणखत हे सगळं रोखीने आधी आणावं लागतं. मजुरांचा पगार शनिवारी द्यावा लागतो. बिल्डरचा चेक मात्र साइट इंजिनिअरची सही, मग ऑफिस, मग अकाउंट्स असं करत येतो. बाग हे प्रकल्पातलं अगदी शेवटचं काम. तोवर बिल्डरचा हात आखडलेला असतो, आणि सगळ्यात लहान ठेकेदार सगळ्यात शेवटी उभा असतो. मोठा ठेकेदार काम थांबवायची धमकी देऊ शकतो. तुमचा मुलगा अंथरलेलं गवत उचलून परत आणू शकत नाही.

ही अडचण त्याने तुम्हाला सांगायला हवी होती. आयुष्यभर सरकारी कार्यालयात फायली, बिलं आणि मंजुऱ्या पाहिलेला माणूस त्याच्या घरातच आहे. तरी तो गच्चीवर जातो, कारण घरात त्याच्या कामाचं नावसुद्धा घेतलं जात नाही. पैसे बुडाले असं तो म्हणाला, तर तुम्ही ‘मी सांगत होतो’ म्हणाल आणि क्लासची जाहिरात पुढे कराल, हे त्याला ठाऊक आहे. स्पष्ट लिहिते, राग मानू नका. त्याला या घडीला बिल्डरपेक्षा जास्त भीती तुमची वाटते.

‘गवत कापायला पदवी कशाला?’ या वाक्यावर थोडं थांबू. बांधकाम संपत आलेल्या जागेत बागेखाली बहुतेक वेळा राडारोडा, सिमेंटचा गाळ आणि मुरूम असतो. त्यावर चार बोटं लाल माती पसरून गवत अंथरलं, तर उद्घाटनाला ते हिरवंगार दिसतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पिवळं पडतं. पार्किंगच्या स्लॅबवरची बाग असेल, तर निचरा आधी पाहावा लागतो, नाहीतर मुळं कुजतात आणि खालच्या गाड्यांवर पाणी गळतं. सिलेक्शन वन हे हरळीच्या कुळातलं गवत भरपूर ऊन मागतं. दोन उंच इमारतींच्या मधल्या सावलीत ते विरळ होत जातं. लव्हाळा वरवर उपटला, तर जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे निघतात, अंडी घालतात, आणि पुढे अळ्या मुळं खात राहतात. मग हिरवळ सतरंजीसारखी उचलून हातात येते. गवताच्या पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एका वेळी कापायचा नसतो. ‘उद्या पार्टी येतेय, एकदम बारीक करून टाक’ असं एजंट म्हणाला, तरी त्याला नाही म्हणता यावं लागतं. सांडपाणी प्रकल्पातून आलेलं पाणी वापरत असतील तर त्यातले क्षार पाहावे लागतात. मोकळ्या प्लॉटवरच्या गाजर गवताची भारतातली पहिली ठळक नोंद 1950च्या दशकात पुण्यातलीच आहे. ते फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून काढायचं, नाहीतर मजुरांच्या अंगावर पुरळ उठतं. यातलं किती तुमच्या मुलाला येतं, मला माहीत नाही. पण तुम्ही त्याला कधी विचारलंत का?

हे काम चार दिवसांचं आहे, असंही समजू नका. राज्याच्या 2020च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या विकासात 10 टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. पुण्याच्या पश्चिमेला जेवढे प्रकल्प उभे राहतात, तेवढ्या बागा सांभाळायला माणसं लागतातच.

मग त्याचं सगळं बरोबर चाललंय का? अजिबात नाही. त्याने गिऱ्हाईक चुकीचं धरलंय. बिल्डरकडे बाग थोडा काळच असते. ताबा दिला, सोसायटी स्थापन झाली, हस्तांतर झालं की बाग रहिवाशांची होते आणि बिल्डरशी असलेली ओळख तिथेच संपते. सोसायटीचा मासिक देखभालीचा करार रकमेने लहान असतो, पण मेंटेनन्स दर महिन्याला गोळा होतो आणि हिशेबाचं ऑडिट होतं, त्यामुळे बिल सहसा तुंबत नाही. बिल्डरच्या कामाकडे त्याने सोसायटीत शिरायची वाट म्हणून पाहावं. काम चालू असतानाच तिथल्या रहिवाशांना ओळख द्यावी. एजंटचं काम सुटं आणि छोटं. तिथे पैसे एजंट देणार की मालक, हे मशीन सुरू करण्याआधी मेसेजवर लिहून घ्यावं. परदेशी राहणाऱ्यांचे तळेगाव-मुळशीकडचे बंगले वर्षभर सांभाळायला मिळाले, तर तेच एजंट त्याच्या खऱ्या कामाचे ठरतील.

आता थकलेल्या पैशांचं बघू. हे काम तुम्ही दोघांनी मिळून करायचं आहे. कोणाकडे किती बाकी, कामाची तारीख कोणती, लेखी वर्क ऑर्डर आहे की तोंडी, फोटो आणि मेसेज कुठे आहेत, हे एका वहीत उतरवा. त्याची ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते. 2006च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि अशा थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करता येते. नोंदणीच्या आधी केलेल्या कामांवर वाद होतो, म्हणून जुन्या बिलांसाठी वकिलाचं एक पत्र जास्त उपयोगी पडेल. इथून पुढे लॉन घालून देण्याची आणि देखभालीची वर्क ऑर्डर वेगवेगळी घ्यायची. गवत आणि मातीचे पैसे आधी मिळाल्याशिवाय टेम्पो साइटवर न्यायचा नाही.

नवा बिल्डर धरण्याआधी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प उघडून पाहायला त्याला सांगा. काम पूर्ण होण्याची तारीख पुनःपुन्हा पुढे गेलेली दिसली, तर उधारीवर एक फूटही गवत घालू नये. एजंटचीही महारेरात नोंदणी असते, तीही तिथेच दिसते.

त्याच्या दोन माणसांचीही मला चिंता आहे. गवत कापायच्या ब्रश कटरखालून दगड उडतो. गॉगल आणि बूट हवेतच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण मिळतं. दोघांचाही तो उतरवला आहे का, हे आज संध्याकाळी विचारा. घरात त्याच्या कामाविषयी बोलायला यापेक्षा सोपी सुरुवात नाही.

लग्नाचं म्हणाल, तर ‘रिअल इस्टेटमध्ये आहे’ हे सांगणं आधी थांबवा. मुलीकडचे चौकशी करतीलच, आणि मुलगा बागांची कंत्राटं घेतो हे त्यांना बाहेरून कळलं, तर त्यांना कामाबद्दल नाही, तुमच्या लपवण्याबद्दल शंका येईल. बागकामाचं कंत्राट घेतो, दोन माणसांना रोजगार देतो, हे पहिल्याच भेटीत सांगा. ज्यांना ते कमीपणाचं वाटेल, त्यांच्या घरातली मुलगी या घरात सुखाने नांदणार नाही. ते स्थळ गेलेलंच बरं.

परीक्षेबद्दल एका ओळीत: बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला क्लार्कसाठी 28 आणि पीओसाठी (प्रोबेशनरी ऑफिसर) 30 आहे, म्हणजे दार बंद झालेलं नाही. शिकायचंच असेल तर आयटीआयमधला फ्लोरिकल्चर आणि लँडस्केपिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्याला जास्त कामाचा आहे. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे, आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचं पुष्पसंशोधन संचालनालयही पुण्यातच आहे. तिथे लॉनच्या गवतांवर संशोधन होतं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे या धंद्यातली मुरलेली माणसं भेटतात. तुम्हीही त्याच्याबरोबर जा.

क्लासची फी या महिन्यात भरू नका. ते पैसे आधी भिशीत परत जाऊ देत, म्हणजे त्याच्या आईवरचा ताण उतरेल. बँकेचा फॉर्म त्याला स्वतःहून भरायचा असेल तर तो भरेल. तुम्ही भरू नका. पुढचं पत्र मात्र त्याने स्वतः लिहावं, आणि थकबाकीची वही सोबत जोडावी.