गोठवलेल्या वीर्यातल्या शुक्राणूंचे लिपिड: ७६०.६ चा पीक नेमका कोणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वळूच्या वीर्याचे स्ट्रॉ वितळवून पीबीएसने (मिठाच्या बफर द्रावणाने) दोनदा धुतले, ब्लाय-डायर पद्धतीने (क्लोरोफॉर्म-मिथेनॉल वापरून) लिपिड काढले, आणि मास स्पेक्ट्रोमीटरच्या पॉझिटिव्ह मोडमध्ये ७६०.६ (m/z, म्हणजे आयनाचं वस्तुमान भागिले विद्युतभार) चा पीक सगळ्यात उंच आला. मग शुक्राणूंत डीएचए (म्हणजे २२:६ हे मेदाम्ल) इतकं कमी कसं?

डीएचए कमी नाही. तो पीक बहुतांशी अंड्याच्या बलकाचा आहे. वीर्य गोठवताना त्यात मिसळतात त्या ट्रिस एक्स्टेंडर द्रवात साधारण २० टक्के बलक असतो. त्यातलं पीसी (फॉस्फॅटिडिलकोलीन) ३४:१, म्हणजे मेदाम्लांत मिळून ३४ कार्बन आणि १ दुहेरी बंध असलेलं, ७६०.६ ला आणि ३४:२ ७५८.६ ला येतं. वळूच्या शुक्राणूची खरी ओळख ७९०.६ ला आहे. तिथे १६:०/२२:६ हे प्लाझ्मालोजेन (एक साखळी व्हिनाइल ईथर बंधाने जोडलेलं पीसी) दिसतं, आणि त्याचाच साधा डायअसिल (दोन्ही साखळ्या मेदाम्लांच्या असलेला) भाऊबंद ८०६.६ ला. सोया लेसिथिनचा एक्स्टेंडर घेतला म्हणून सुटका नाही. त्याचं ३६:४ ७८२.६ ला हजर असतं.

नुसत्या धुण्याने बलक जात नाही, कारण त्याचे कण शुक्राणूंबरोबरच तळाशी बसतात. ३७ अंशांना ३० सेकंद वितळवा, एकाच बॅचचे दहा स्ट्रॉ एकत्र करा, ४५/९० टक्के पर्कॉलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवाच्या थरांवर) अलगद सोडा आणि ७०० जी वर २० मिनिटं फिरवा. तळातला गोळा दोनदा धुवा, शेवटचं धुणं १५० मिलिमोलर अमोनियम अ‍ॅसिटेटने, म्हणजे सोडियम, ट्रिस आणि ग्लिसरॉल तिघेही कमी होतात. तळाशी मुख्यतः तगलेले, हलणारे शुक्राणूच येतात, त्यामुळे निष्कर्ष अख्ख्या स्ट्रॉवर लादू नका. पेशी मोजून घ्या आणि लिपिडची रक्कम दर कोटी शुक्राणूंमागे सांगा. आणि हे टाळूच नका: शुक्राणू नसलेला नुसता एक्स्टेंडर याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. तो ब्लँक नसेल तर ७६०.६ बद्दल काहीच ठामपणे म्हणता येणार नाही. शक्य असेल तर ताजं, एक्स्टेंडर न घातलेलं वीर्य मिळवा. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

०.८ मिली पेशींच्या द्रवात २ मिली मिथेनॉल आणि १ मिली क्लोरोफॉर्म घाला. मिश्रण एकजीव दिसलं पाहिजे. गढूळ थर दिसले तर पाण्याचं प्रमाण चुकलं आहे. १० मिनिटांनी १ मिली क्लोरोफॉर्म आणि १ मिली पाणी घालून थर वेगळे करा, खालचा थर काचेच्या पिपेटने उचला, मधली प्रथिनांची चकती तशीच राहू द्या. सगळं काचेतच करा, मिथेनॉलमध्ये ०.०१ टक्के बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) ठेवा, नायट्रोजनवर सुकवा. आम्ल मात्र अजिबात नको. प्लाझ्मालोजेनचा व्हिनाइल ईथर बंध आम्लाने तुटतो आणि २२:६ असलेलं लायसो-पीसी (एकच साखळी उरलेलं पीसी) ५६८.३ ला उगवतं. जुन्या क्लोरोफॉर्ममध्ये तयार झालेलं हायड्रोक्लोरिक आम्लही याला पुरतं. ५६८.३ वाढून ७९०.६ घटलेला दिसला तर आधी बाटलीवर संशय घ्या, मग वळूवर.

इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठराविक प्रमाणात घातलेलं लिपिड) म्हणून १७:०/१७:० पीसी घेऊ नका. त्याचा ७६२.६ हा बलकाच्या ७६०.६ च्या समस्थानिक पीकवर बसतो. १४:०/१४:० घ्या, ६७८.५ ला जागा मोकळी असते.

३४:१ चा सोडियम अ‍ॅडक्ट (सोडियम आयन जोडलेलं रूप) आणि ३६:४ चा प्रोटॉन अ‍ॅडक्ट दोन्ही ७८२.५७ ला पडतात. फरक ०.००२४ चा, म्हणजे वेगळे करायला सव्वातीन लाखांच्या आसपास रिझोल्यूशन हवं. त्यापेक्षा क्रोमॅटोग्राफी लावा, किंवा फॉर्मेट घालून निगेटिव्ह मोडमध्ये जा. तिथे ७९०.६ चं प्लाझ्मालोजेन ८३४.६ ला येतं आणि तोडल्यावर मेदाम्लांपैकी फक्त २२:६ चा ३२७.२३ दाखवतं, डायअसिल असेल तर २५५.२३ सुद्धा दिसतो. यात एक सापळा आहे: २२:६ कार्बन डायऑक्साइड गमावून २८३.२४ देतं, आणि स्टिअरिक आम्लाचा आयन २८३.२६ ला असतो. ट्रिपल क्वाडवर (कमी रिझोल्यूशनच्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) हे दोन वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे तिथे नुसत्या २८३ वरून १८:० लिहू नका.