बोल्ट सोडला आणि पाईप बोटभर सरकला, हे त्याला दिसलं

दादा, नमस्कार. पलूसहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, साखर कारखान्यात कॉन्ट्रॅक्टरकडे चौदा महिने मेंटेनन्सला आहे, रात्री दोनला फोन आला तरी पळतो, आणि तुम्ही विचारताय की पुण्यात लाखभर भरून पाईप स्ट्रेसचा, म्हणजे पाईपवर किती ताण येतो ते काढायचा, सॉफ्टवेअर कोर्स करू दे की एमपीएससीला बसवू. मार्कांचं मला काही वाटलं नाही, ६१ टक्क्यांवर कुणाचं अडत नाही. पण "नट आवळायला का शिकवला याला, पाव्हण्यांना काय सांगू" हे वाक्य मात्र खटकलं. ते तुम्ही त्याच्यासमोर बोलत असणारच, कारण तुमच्याच पत्राच्या खाली त्यानं बारीक अक्षरात तीन ओळी लिहिल्यात, त्याही तुम्हाला न विचारता लिहिल्यासारख्या.

त्या ओळी परत वाचा. तो म्हणतो, रसाच्या एकाच पंपाचं सील (शाफ्टपाशी गळती अडवणारा भाग) या सीझनमध्ये चार वेळा बदललं, दर वेळी मोटर-पंप जोडणारं कपलिंग नीट अलाइन, म्हणजे एका रेषेत करून दिलं, आणि चौथ्या वेळी सक्शनच्या, म्हणजे रस आत घेणाऱ्या बाजूच्या फ्लँजचे (पाईप जोडायच्या चकतीचे) बोल्ट सोडले तर शेवटचा बोल्ट टण्णकन सुटला आणि पाईप बोटभर बाजूला गेला. दादा, पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे. चार वेळा सगळ्यांनी सीलवाल्याला शिव्या घातल्या असतील, पाईपकडे याचं एकट्याचं लक्ष गेलं. मी स्वतः मार्गदर्शनाकडे वळण्याआधी बारा वर्षं प्लांटमध्ये काढलीत, आमच्याकडे एका पंपाचे बेअरिंग तीनदा बदलून झाल्यावर एका म्हाताऱ्या फिटरनं फ्लँज सोडून दाखवला तेव्हा कुठं डोळे उघडले, आणि आम्ही सगळे इंजिनिअर होतो.

आता तुमचा एक गैरसमज. पाईप स्ट्रेस म्हणजे एसीत बसून कॉम्प्युटरवर करायचं काम आणि फ्लँज जोडणं म्हणजे हमाली, असं तुम्हाला वाटतंय. अहो, सीझर टू सारख्या सॉफ्टवेअरमध्ये पंपाच्या नोझलवर, म्हणजे पाईप जोडतात त्या तोंडावर, किती लोड येतो ते काढतात खरं, पण त्यात धरलेलं असतं की दोन्ही फ्लँज मोकळेपणी समोरासमोर आलेत, बोल्ट हातानं आत गेलेत. साइटवर कुणी चेन ब्लॉक लावून, पहार घालून पाईप ओढला आणि बोल्ट ठोकून बसवला तर तो ताण त्या हिशोबात कुठंच नसतो, तो सरळ पंपाच्या केसिंगवर, बाहेरच्या कवचावर बसतो, केसिंग पिळतं, शाफ्ट जागा सोडतो आणि मग सील नि बेअरिंग खात बसतो. त्यात रस शंभर डिग्रीचा, लाईन जोडली तीस डिग्रीला, म्हणजे दहा मीटर सरळ लाईन आठेक मिलिमीटर वाढणार, तीही पंपालाच ढकलणार जर सपोर्ट आणि बेंड नीट नसतील तर. हे ज्यानं हातानं अनुभवलंय त्यानं कोर्स केला तर उपयोग आहे, नाहीतर नुसते आकडे टाकणारे पुष्कळ आहेत. म्हणून कोर्स आत्ता नको, दोन-तीन वर्षांनी, आणि तेव्हा त्याच्या पैशानं.

डायरेक्ट सेकंड इयरला डिग्रीचा रस्ता उघडा आहे, एमपीएससीच्या बहुतेक परीक्षांना आधी डिग्रीच लागते, पण दोन्ही त्यानं मागितलं तरच.

आणि बाळा, आता तुझ्याशी. पंप बंद, मोटरचा सप्लाय काढून कुलूप, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, लाईन रिकामी आणि थंड, एवढं झाल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही. मग कपलिंगवर दोन डायल (बारीक हालचाल दाखवणारी काट्याची मापकं) लाव, एक उभा एक आडवा, आणि आधी सक्शन, मग डिस्चार्ज, म्हणजे रस बाहेर जाणारी बाजू, असे बोल्ट सोड. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर पाईप पंपाला ओढतोय, यंत्रं बसवण्याच्या एपीआय ६८६ या मानकात हीच मर्यादा दिलीय, केसाच्या जाडीएवढीही नाही ती. तुझा पाईप बोटभर गेला म्हणजे बोलायलाच नको. नुसतं कपलिंग परत अलाइन करून ते झाकलं जातं, जात नाही. ऑफ सीझनला पंपाजवळचा तुकडा कापून, आधी सपोर्ट उभे करून, फ्लँज मोकळे समोरासमोर ठेवून परत वेल्ड करा असं सुपरवायझरला लेखी दे. तोंडी सांगितलं तर विसरतात.

दादा, कॉन्ट्रॅक्टरकडे त्यानं आयुष्य काढू नये हे मलाही मान्य आहे, पगार तुटपुंजा आणि शिकवायला कुणी नाही. पण शेजारी किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे, पंप बनतात तिथं, सर्व्हिस आणि टेस्टिंगची माणसं लागतात. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा सिंचन योजनांवर मोठाले पंप कृष्णेचं पाणी वर चढवतात, आटपाडी-जतच्या माळावर ते पोचतं ते असल्याच हातांमुळं. पाव्हण्यांना हे सांगा की.

ऑफ सीझनला त्यानं डायल लावून घेतलेलं रीडिंग मला पाठवा, सक्शनचं वेगळं, डिस्चार्जचं वेगळं, त्याच्याच अक्षरात. या वेळी जरा मोठ्या अक्षरात लिहायला सांगा.