टेपवरचा मिल म्हणजे मिलिमीटर नाही

अरे, वायरच्या जॉइंटवर गुंडाळायच्या इन्सुलेशन टेपबद्दल आधी हे डोक्यात पक्कं कर, तिच्यावरचे ७ मिल म्हणजे ७ मिलिमीटर नाही, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ७ मिलची टेप साधारण ०.१८ मिमी जाड असते. स्वस्तातल्या ५ मिलच्याही येतात, ०.१३ च्या आसपास, चालतात पण वायरच्या कापलेल्या टोकावर पटकन भोक पडतं.

आता थर. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याची निम्मी रुंदी झाकत गेला पाहिजे, मग एका फेरीतच सगळीकडे दोन थर बसतात, परत उलट दिशेने आलास की चार, म्हणजे ०.७ मिमीच्या जवळपास, पण टेप ताणली की पातळ होते त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमीच धर. ताण दे, नाहीतर नीट बसत नाही, फक्त शेवटचा वेढा अजिबात न ओढता ठेव आणि बोटाने दाब, ओढलास तर टोक काही दिवसांत सुटतं आणि चिकट घाण होते.

आणि ६०० व्होल्टची टेप दोनदा गुंडाळली म्हणून १२०० ला चालेल असला हिशोब कृपा करून करू नकोस. जॉइंट ढिला असेल तर तो तापणारच, वर दहा थर मारलेस तरी. आणि हो, मेन स्विच बंद करून टेस्टरने चेक केल्याशिवाय हात लावायचा नाही.